सहा मित्र, एक गुलमर्ग आणि स्नोबोर्ड: तिकिटं काढण्याआधी काय ठरवाल

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगते. मुलगा अकरावीत. त्याच्यासह सहा जण, चार मुलगे आणि दोन मुली, सगळे सोळा-सतरा वर्षांचे. नाताळच्या सुट्टीत चार दिवस गुलमर्गला जाऊन स्नोबोर्डिंग शिकायचं त्यांनी ठरवलंय. कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालेत, पण बर्फ कुणीच पाहिलेला नाही. पालकांमध्ये दोन घरं तयार, दोन घाबरलेली, दोन ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारी. आणि तुमचे प्रश्न तीन: सुरक्षित आहे का, मोठ्या माणसानं सोबत जायलाच हवं का, आणि चार दिवस पुरतील का.

गेली अकरा वर्षं मी दर हिवाळ्यात या वयाच्या मुलामुलींचे गट बर्फात घेऊन जाते. त्या अनुभवावरून सरळ सांगते. चार दिवस पुरणार नाहीत, मोठं माणूस हवंच, आणि सुरक्षित आहे की नाही हे गुलमर्गपेक्षा तुमच्या सहा मुलांच्या आपापसातल्या नात्यावर जास्त ठरेल. हे तिसरं नीट उलगडून सांगायला हवं.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे सात जणांचा गट होता, सगळे एकाच कॉलेजचे. तिसऱ्या दिवशी चौघांना वळणं जमायला लागली. तिघं अजून टाचेच्या कडेवरच, म्हणजे हील एजवर घसरत खाली येत होते. चौघांना गोंडोलानं, म्हणजे केबल कारनं, वर कोंगडोरीच्या स्थानकाला जायचं होतं. बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून मी सातही जणांना वर नेलं. तिथे एक मुलगा बर्फात बसून बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला बांधणारे पट्टे, आवळत होता. हातमोजे काढलेले, बोटं लाल झालेली. पट्टा दातेरी क्लिपमध्ये जातच नव्हता, आणि तो पट्ट्याकडे बघतही नव्हता, उभे राहिलेल्या मित्रांकडे बघत होता. मी विचारलं, ‘जमेल ना?’ तो म्हणाला, ‘हो हो.’ अर्ध्या उतारावर बोर्डची पुढची कड बर्फात रुतली आणि तो दोन्ही तळहातांवर पुढे आदळला. उजवं मनगट मोडलं. श्रीनगरच्या वाटेवर गाडीत, हात गळ्यात बांधलेला असताना तो हळूच म्हणाला, ‘मॅडम, मला सकाळीच खाली थांबायचं होतं.’

त्या दिवशी त्याला घसरायला येत नव्हतं ही अडचण नव्हतीच. चार मित्रांसमोर ‘मी येत नाही’ म्हणायला त्याच्याकडे जागा नव्हती, आणि ती जागा करून देणं हे माझं काम होतं. तेव्हापासून प्रत्येक सहलीची आखणी मी गटातल्या सगळ्यात सावकाश शिकणाऱ्या मुलापासून सुरू करते. तुम्हीही तिथूनच सुरू करा.

आता दिवसांचं. स्कीइंग पहिल्या दिवशी थोडंफार जमल्यासारखं वाटतं आणि पुढे अवघड होत जातं. स्नोबोर्डचं उलट आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, तोल गेला तर सावरायला पाय मोकळा नाही. पहिला दिवस उठणं आणि पडणं यात जातो. दुसऱ्या दिवशी अंग इतकं दुखतं की जिना उतरताना मुलं कठडा धरतात, आणि ‘हे आपल्याला जमणार नाही’ असं बहुतेकांना त्याच दिवशी वाटतं. तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी हील एजवरून टो एजवर, म्हणजे पायाच्या बोटांकडच्या कडेवर, पहिलं वळण जातं. चौथ्या दिवशी दोन-तीन वळणं जोडता येतात, आणि मजा खरी तिथे सुरू होते. चार दिवसांच्या सहलीत येण्याजाण्याचे दोन काढले तर मुलांच्या वाट्याला फक्त पडण्याचे दोन दिवस येतात. म्हणून बर्फावर सलग चार दिवस हवेत. एक दिवस पोचण्याचा, एक श्रीनगरला उतरण्याचा, एक राखीव. एकूण सात.

राखीव दिवस वाया जातो असं पालकांना वाटतं. बर्फ पडला किंवा धुकं उतरलं की श्रीनगरची विमानं उशिरा सुटतात, कधी रद्दच होतात. टंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा जेमतेम तेरा किलोमीटरचा घाट बर्फात साध्या टॅक्सीनं चढता येत नाही, चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते. परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्याच दिवशी सकाळी गुलमर्गहून निघण्याची आखणी कुणी करून दिली तर ती मान्य करू नका. आदल्या रात्री श्रीनगरमध्येच झोपा.

नाताळ की नंतर? याबाबत माझं मत ठाम आहे, नंतर. चिल्लई कलां, म्हणजे काश्मीरच्या कडक थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होऊन ३० जानेवारीला संपतात. नाताळात थंडी असते, पण शिकण्याजोगा जाड बर्फ असेलच असं नाही. त्यावर गर्दी आणि चढे दर. एकदा बर्फाचा थर पातळ असताना मी गट नेला होता. खालचे दगड लागून बोर्ड खरवडले गेले आणि पडल्यावर मुलांना जास्त लागलं. बर्फाचा भरवसा आता जानेवारीतही देता येत नाही. २०२४ च्या जानेवारीत जवळजवळ महिनाभर गुलमर्ग कोरडं होतं, बर्फ महिनाअखेरीस आला. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. तरीही जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ. बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली की बऱ्याच कॉलेजांत अकरावीचे तास तसेही नावापुरते उरतात, तर तुमच्या सहाही जणांच्या कॉलेजांत विचारून बघा. पुढच्या वर्षी हीच मुलं बारावीला असतील, तेव्हा ‘पुढच्या वर्षी जाऊ’ हा पर्याय नाही, हे मला कळतं.

गुलमर्गच का, हेही सांगते. उत्तराखंडातलं औली आणि मनालीजवळचं सोलांग, दोन्हीकडे मी गट नेलेत. औलीचे उतार सुंदर आहेत, पण जोशीमठ खचल्यानंतर, जानेवारी २०२३ पासून, जोशीमठ-औली रोपवे बंद पडला आणि वर जाण्याची सोय रस्त्यावर येऊन पडली. सोलांगला उतार छोटा, हौशी पर्यटकांची गर्दी मोठी. दोन तासांची हौस भागते, शिकणं होत नाही. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. कुरणाच्या भागात नवशिक्यांचे सौम्य उतार आहेत, बर्फावरूनच ओढत वर नेणाऱ्या ड्रॅग लिफ्ट आहेत, भाड्याचं सामान आणि शिकवणारे दोन्ही मिळतात. एक गैरसोय आधीच सांगून ठेवते. ते कुरण बरंच सपाट आहे. स्कीवाले काठ्या टेकत पुढे जातात, बोर्डवाल्याला एक पाय सोडवून फळी ओढत चालावं लागतं. पहिल्या दिवशी मुलं यानंच जास्त दमतात.

आता गोंडोला. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटर. दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्या वर. रीलमध्ये दिसतात ते भन्नाट उतार दुसऱ्या टप्प्याचे आहेत, आणि तुमच्या मुलांच्या डोक्यात तेच असणार. तिथला बहुतेक भाग यंत्रानं दाबून सपाट केलेला नाही. गस्ती पथकाची हद्द ओलांडली की हिमस्खलनाचा धोका खराखुरा आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअरचा मृत्यू झाला. २२ फेब्रुवारी २०२४ ला एका रशियन स्कीअरचा. ही नवशिकी माणसं नव्हती. म्हणून माझा नियम असा: पहिल्या सहलीत बोर्ड घेऊन दुसऱ्या टप्प्यावर कुणीही जाणार नाही, कितीही छान जमत असलं तरी. शेवटच्या दिवशी आकाश स्वच्छ असेल आणि टप्पा चालू असेल तर सगळ्यांनी नुसतं बघायला वर जावं. दृश्य फार सुंदर आहे, आणि मुलांना तिथे उभं राहून तो उतार प्रत्यक्ष दिसला की रीलमधला आणि खरा यातला फरक कळतो. उंचीमुळे डोकं दुखलं तर लगेच खाली यायचं.

कोंगडोरीहून खाली बोर्डवरून येणं हेही ‘तिसऱ्या दिवशीचा कार्यक्रम’ म्हणून कागदावर लिहू नका. दोन्ही बाजूंना वळून, सांगितलेल्या जागी थांबता आलं तरच जायचं, आणि ‘आलं’ हे शिकवणाऱ्यानं म्हणायचं, मुलानं नाही.

इथे तुमचा मोठ्या माणसांचा प्रश्न येतो. देशांतर्गत विमानात बारा वर्षांवरची मुलं एकटी जाऊ शकतात, म्हणून मुलं म्हणतात की आम्हीच जातो. पण हॉटेलं अठराखालच्यांना पालकाशिवाय खोली देत नाहीत, आणि हाड मोडलं तर उपचारांच्या संमतीवर सही कोण करणार? सहा जणांमागे दोन मोठी माणसं हवीत. दोन का, तर तिसऱ्या दिवसापासून गट वेगानुसार फुटतो. एक मोठं माणूस पुढच्यांबरोबर, एक मागच्यांबरोबर. मुली आहेत, तर त्यातली एक बाई असू द्या. उतारावर स्वच्छतागृह नसतं, पाळीच्या दिवसांत कुणाकडे तरी मोकळेपणानं बोलता यावं लागतं. या मोठ्यांना बोर्डिंग आलंच पाहिजे असं नाही. त्यांना ‘आज पुरे’ म्हणता आलं पाहिजे, आणि ते मुलांनी ऐकलं पाहिजे. ज्या काकांपुढे किंवा मावशीपुढे मुलं एरवीही गप्प बसतात, त्यांची निवड करा.

शिकवणारा पर्यटन खात्याकडे नोंदणी झालेला घ्या, ओळखपत्र बघा. सहा मुलांना दोन शिकवणारे. एकच घेतला तर तो साहजिकच जमणाऱ्यांबरोबर पुढे जातो आणि मागे राहिलेले थंडीत उभे राहतात. पैसे वाचवायचे असतील तर हॉटेलात वाचवा, शिकवणाऱ्यात नको. हंगामागणिक दर बदलतात म्हणून आकडे देत नाही, पण विमानाखालोखाल याच गोष्टीवर खर्च होऊ द्या. केंद्र सरकारची एक संस्था गुलमर्गमध्येच आहे, भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था. तिथले निवासी वर्ग शिस्तीचे असतात. मात्र भर स्कीइंगवर आहे, तेव्हा त्या तुकडीत स्नोबोर्ड शिकवतात का हे आधी लेखी विचारा.

आता तो ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. मी तो असा राबवते. सकाळी बूट बांधताना प्रत्येकाशेजारी मिनिटभर बसते आणि एकट्याला विचारते, ‘आज कसं वाटतंय? वर की खाली?’ चार जणांत विचारलं की सगळे ‘वर’ म्हणतात. एकट्याला विचारलं की खरं उत्तर येतं. मग गटासमोर मी सांगते, ‘आज हे तिघं माझ्याबरोबर खाली.’ निर्णय माझ्या नावावर जातो, मुलाच्या नाही. गेल्या वर्षी एक मुलगी तीन सकाळी मला ‘खाली’ म्हणाली. तिसऱ्या दुपारी त्याच छोट्या उतारावर, कुणी बघत नसताना, तिचं पहिलं वळण गेलं. ती थांबली, बोर्डमागे उमटलेल्या इंग्रजी एससारख्या रेघेकडे वळून बघत राहिली आणि मग मोठ्यानं हसली. चौथ्या दिवशी ती आपणहून वर आली.

दुखापतींबद्दल. नवशिक्या बोर्डवाल्याचं सगळ्यात आधी जातं ते मनगट, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. रिस्ट गार्ड, म्हणजे मनगटाला आधार देणारे पट्टे, पुण्या-मुंबईतून, किंवा तुमच्याकडे नाशिकला मिळाले तर तिथूनच विकत घेऊन जा, स्केटिंगचे चालतात. हेल्मेट सक्तीचं, आणि ते भाड्यानं घेताना डोक्याला घट्ट बसतंय का बघा. निघण्याआधी महिनाभर घरात गादीवर पडण्याचा सराव करून घ्या: मुठी मिटून, कोपरापासूनच्या हातावर पुढे, आणि मागे पडताना हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून. कबड्डी खेळलेली मुलं हे एका दिवसात उचलतात, त्यांना पडायची भीतीच नसते. सोबत रोज भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, आधी अर्धा मिनिट, मग वाढवत दोन मिनिटं. ट्रेक केलेल्या मुलांचे पाय चढायला तयार असतात, पण बोर्डला गुडघे वाकवून स्थिर उभं राहणारी मांडी लागते, ती वेगळी.

आणि एक वेळ पाळा. साडेतीनला बोर्ड खाली. माझ्या अनुभवात बहुतेक दुखापती जेवणानंतर, दमलेल्या पायांनी, ‘शेवटची एक’ म्हणून मारलेल्या फेरीत झाल्यात. दुपारनंतर बर्फही कडक होत जातो. रात्री दोनपर्यंत खोलीत पत्ते कुटणाऱ्या मुलांचं दुसऱ्या दिवशी काय होतं तेही मी पाहिलंय, म्हणून दहाला दिवे बंद. घसरताना हातात मोबाइल नाही. व्हिडिओ हवा असेल तर खाली उभा असलेला काढेल.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स नको, सुती मोजे नकोत. पँट जलरोधक हवीच, कारण पहिले दोन दिवस बसण्यातच जाणार आहेत. मोज्यांचा एकच जोड, लोकरीचा. दोन जोड घातले की बूट आवळून रक्त थांबतं आणि पाय जास्त गारठतात, हे मुलांना पटत नाही पण खरं आहे. टंगमर्गला गाडी थांबली की गमबूट आणि लांब कोट भाड्यानं देणारे येतील. ते बर्फात फिरायला ठीक, बोर्डिंगला त्यांचा उपयोग नाही. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही हवं. खिशात राजगिऱ्याचे लाडू द्या. चिक्की त्या थंडीत दगडासारखी होते.

दोन गोष्टींकडे मात्र पालकांनी स्वतः लक्ष द्यायचं. पहिली, खोलीतली शेगडी. गॅसचा हीटर, कोळसा किंवा बुखारी, म्हणजे काश्मिरी लाकडाची शेगडी, पेटलेली ठेवून खिडक्या पूर्ण बंद करून झोपणं जिवावर बेतू शकतं, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. झोपण्याआधी ती विझवायची, विजेचं गरम ब्लँकेट वापरायचं. दुसरी, फोन. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. या वयाच्या मुलांकडे बहुधा प्रीपेडच असतं. श्रीनगरला उतरल्यावर सहाही फोन गप्प झाले की घरी घबराट उडते. मोठ्या दोघांकडे आणि निदान दोन मुलांकडे पोस्टपेड असू द्या.

घाबरलेल्या दोन घरांच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा होती. ती भीती खोटी नाही, आणि ‘काही होत नाही हो’ म्हणून ती झटकू नका. निघण्याच्या आठवड्यात परिस्थिती बघा, रद्द करता येणारी तिकिटं आणि खोल्या घ्या. त्यानंतरही एखाद्या घराची तयारी नसेल, तर त्या एकाला सोडून पाच जण जाण्यापेक्षा सहाही जणांनी सोलांगला किंवा औलीला जावं. शिकणं बरंच कमी होईल, पण एका मुलाला मागे ठेवून काढलेली सहल बाकीच्या पाचांनाही वर्षभर टोचते.

इथवरचं एका दमात: सात दिवस, त्यातले चार सलग बर्फावर. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी. दोन मोठी माणसं, दोन शिकवणारे. बोर्डवर दुसरा टप्पा नाही. आणि वर की खाली हे प्रत्येकाला रोज एकट्याला विचारायचं.

कागदपत्रांत प्रत्येक मुलाचं आधार कार्ड, आणि पालकांच्या सहीचं एक पत्र: उपचारांना संमती, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर. हाडाची दुखापत झाली तर श्रीनगरच्या बरझुल्ल्यात सरकारी हाडांचं रुग्णालय आहे. रस्ता मोकळा असेल तर दीड-दोन तास धरा. विम्यात बर्फावरचे खेळ येतात का, हे कंपनीला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पुढच्या रविवारी सहाही मुलांना आणि पालकांना तुमच्याकडे बोलवा. चहा झाला की मुलांना मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरायला सांगा. जो पाय आपोआप पुढे येतो तो बोर्डवर पुढचा. तो पाय, उंची, वजन आणि बुटाचा नंबर एका कागदावर लिहून ठेवा, भाड्याच्या दुकानात पहिल्या सकाळचा तासभर वाचेल. आणि मुलं घसरण्यात गुंगलेली असतील तेव्हा एकेकाला स्वयंपाकघरात बोलावून विचारा, तुला खरंच जायचंय का. सहा उत्तरं मला कळवा, मग तारखा बघू.